मूकपटाला एकच संगीत पुरत नाही

१९९६ साली इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरातून एक सीडी बाजारात आली. रॉबर्ट वीने यांच्या १९२० सालच्या 'द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी' या जर्मन मूकपटासाठी नव्याने केलेलं संगीत तिच्यात होतं. चित्रपट नव्हता, नुसतं संगीत. क्लाइव्ह आणि नायजेल हंबरस्टोन या जुळ्या भावांचा 'इन द नर्सरी' हा गट १९८१ पासून शेफिल्डमध्ये वाजवत होता, आणि ही सीडी त्यांनी 'आयटीएन कॉर्पोरेशन' या स्वतःच्याच लेबलवर काढली. पुढे 'ऑप्टिकल म्युझिक सिरीज' या नावाखाली 'अस्फाल्ट', 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा', 'हिंडल वेक्स', 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क', 'द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर' अशी मूकपटांची संगीतं याच घरातून येत राहिली. मधल्या काळात चित्रपटांशी संबंध नसलेले त्यांचे अल्बमही निघत होते: १९९८ चा 'लिंग्वा', २०१७ चा '१९६१'.

धंद्याच्या हिशेबात हा उद्योग बसत नाही. पाऊणशे वर्षांपूर्वीचा चित्रपट, त्याला नवं संगीत, ते ऐकायचं चित्रपटाविना, आणि मागे मोठ्या कंपनीचा पैसा नाही. तरीही मला वाटतं, मूकपट जिवंत ठेवण्याच्या कामातला एक भाग असल्या आडवाटेच्या लेबलांनीच केला आहे, आणि तो चित्रपट संग्रहालयांना किंवा बड्या कंपन्यांना जमण्यासारखा नव्हता. चित्रपटाबद्दल ठाम मत मांडायचं, ते स्वतःच्या नावानिशी मांडायचं आणि दुसऱ्याला खोडून काढता येईल अशा रूपात मागे ठेवायचं, हा तो भाग. मूकपटाचं नवं संगीत ही त्या चित्रपटाची समीक्षा असते. समीक्षा म्हटली की ती एक असून भागत नाही.

याला पहिला विरोध होतो तो एका सोयीच्या समजुतीतून. मूकपटाचं एक मूळ संगीत होतं, ते हरवलं, आणि त्या रिकाम्या जागी कोणी आपलं घुसडलं तर ती लबाडी, असं बऱ्याच रसिकांना मनापासून वाटतं. थोड्या चित्रपटांपुरतं ते खरंही आहे. १९०८ साली ड्यूक ऑफ गीझच्या हत्येवरच्या फ्रेंच चित्रपटाला कामीय सॅं-साँस यांच्यासारख्या नामवंत रचनाकाराने खास संगीत लिहिलं. 'बॅटलशिप पोटेम्किन' १९२६ मध्ये बर्लिनला लागला तेव्हा एडमुंड मायझेल यांनी, आणि 'मेट्रोपोलिस'साठी १९२७ मध्ये गोटफ्रीड हुपर्ट्झ यांनी संपूर्ण संगीत लिहिलं. पण हे अपवाद. बाकी हजारो चित्रपटांना गावोगावचे वादक आपापल्या कुवतीने साथ करत.

त्यांच्या मदतीला छापील पुस्तकं असत. बर्लिनमध्ये ज्युसेप्पे बेचे यांनी १९१९ पासून 'किनोथेक' ही प्रसंगानुरूप तुकड्यांची मालिका काढली. न्यूयॉर्कमध्ये एर्नो रापे यांचं 'मोशन पिक्चर मूड्स' १९२४ साली आलं. या पुस्तकाची मांडणी पाहण्यासारखी आहे. ५२ भाव आणि प्रसंग, आणि त्यांची यादी पानापानाच्या कडेला, पृष्ठक्रमांकांसह. विमान, लढाई, पक्षी, पाठलाग, आग, अंत्ययात्रा, अंगाई, आगगाडी, लग्न. पडद्यावर आग लागली की वाजवणाऱ्याने नजर कडेच्या यादीवर टाकायची, पान उलटायचं आणि हात न थांबवता आगीत शिरायचं. त्या यादीत 'पौर्वात्य' असाही एक कप्पा होता. मोरोक्कोपासून जपानपर्यंतचं सगळं जग त्या चार-सहा तुकड्यांत भागवलेलं.

आपल्याकडेही हेच होतं. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे चित्रपट दाखवले गेले आणि त्याच महिन्यात ते खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले, तेव्हा सोबतीला वाद्यसंगीत आलं. पुढे मुंबईत इंग्रजी चित्रपटांना पियानो आणि व्हायोलिन, तर देशी चित्रपटांना पेटी-तबला अशी वाटणी रुळली. पियानो-व्हायोलिनच्या बाजूला गोव्याहून आलेले, चर्चच्या शाळेत नोटेशन वाचायला शिकलेले वादक असत. लखनौमध्ये लहानगा नौशाद अली मूकपटाच्या थिएटरात बसून साथीदारांकडे कान लावून असे. तिथले वादक आधी चित्रपट पाहून घेत, टिपणं काढत, कुठे कोणता सूर लावायचा ते ठरवत आणि मग खेळाला बसत. म्हणजे हिंदी चित्रपटसंगीताच्या एका थोर रचनाकाराची पहिली शाळा मूकपटाच्या पडद्यापुढच्या त्या बैठकीत भरत होती.

तेव्हा एकाच चित्रपटाचं संगीत गिरगावात एक, लखनौत दुसरं आणि लंडनमध्ये तिसरं. त्याच थिएटरात शनिवारी एक आणि रविवारी वेगळं. ज्याला आपण 'मूळ' म्हणून शोधतो ते मुळात अनेक होतं. आज कोणी नवं संगीत करतो तेव्हा तो परंपरा मोडत नाही, पुढे चालवतो.

दुसरा विरोध जास्त गंभीर आहे आणि तो जाणकारांकडून येतो. पॅरिसच्या सिनेमातेक या चित्रपट संग्रहालयात हेन्री लांगलुआ मूकपट कसल्याही संगीताविना दाखवत. त्यामागे विचार होता. संगीत प्रेक्षकाला काय वाटून घ्यायचं ते आधीच सांगून टाकतं, आणि मग चित्र पाहायचं राहून जातं. कार्ल ड्रायर यांच्या 'जोन ऑफ आर्क'चं उदाहरण या मंडळींच्या हातात असतं. १९५२ मध्ये या चित्रपटाची एक आवृत्ती निघाली, तिला विवाल्डी, अल्बिनोनी वगैरेंचं बरोक संगीत चिकटवलेलं होतं. ड्रायर यांना ती पसंत नव्हती. फाल्कोनेत्ती या नटीच्या चेहऱ्यावर कॅमेरा इतका जवळ जातो की कोणताही सूर तिथे आगंतुक ठरण्याची भीती असते.

ही भीती मी मान्य करतो, निष्कर्ष नाही. १९२८ साली हा चित्रपट ज्यांनी थिएटरात पाहिला त्यांनी तो नि:शब्द शांततेत पाहिला नव्हता. मूकपटाची लय, पाट्या किती वेळ ठेवायच्या, एखादा चेहरा किती काळ धरायचा, हे सगळं साथ असणार हे गृहीत धरून बसवलेलं असे. त्यामुळे आज शांततेत दाखवणं हाही एक अर्थ लावणंच आहे, आणि तोही नवा. त्या निवडीने चित्रपट काचेच्या पेटीतली वस्तू होतो. तसा तो पाहायलाही कधीतरी हरकत नाही. फक्त ती निवड आपण केली आहे, इतिहासाने नाही, एवढं कबूल करावं.

जिथे मूळ लेखन उपलब्ध आहे तिथे तरी नव्याची काय गरज, हा तिसरा प्रश्न. 'मेट्रोपोलिस' या प्रश्नाची चांगली परीक्षा घेतो. या चित्रपटाचा मोठा भाग काटछाटीत गेला होता. २००८ साली बुएनोस आयर्समध्ये जवळपास पूर्ण प्रत सापडली, १६ मिलिमीटरची, ओरखड्यांनी भरलेली. तिच्या आधारे २०१० ची आवृत्ती तयार झाली. ही जुळणी करताना हुपर्ट्झ यांचे संगीताचे कागद फार उपयोगी पडले, कारण पडद्यावर काय चाललं असताना कोणता सूर सुरू व्हावा याच्या खुणा त्यांत जागोजागी होत्या. कुठला तुकडा कुठे जातो हे संगीतावरून ठरवता आलं. संगीताचा कागद इथे साक्षीदार झाला.

याच चित्रपटाला १९८४ साली जॉर्जिओ मोरोडर यांनी फ्रेडी मर्क्युरी, पॅट बेनटार, बॉनी टायलर यांची गाणी लावली, रंग भरले, पाट्या काढून सबटायटल्स घातली आणि तो दीड तासाच्या आत बसवला. जाणकार आजही त्यावर नाक मुरडतात. मला दोन्ही हवेत. हुपर्ट्झ ऐकला की १९२७ च्या माणसाला यंत्राची कशी धास्ती वाटत होती ते कळतं. मोरोडर ऐकला की १९८४ चा माणूस त्याच यंत्रावर नाचायला कसा तयार झाला होता ते कळतं. मोरोडरचं काम आज जुनाट वाटतं, आणि जुनाट वाटणं हाच त्याचा पुरावा म्हणून उपयोग आहे. आपल्याकडे एकाच गीतेवर भाष्यांची रांग आहे. ज्ञानेश्वरी असताना टिळकांनी 'गीतारहस्य' कशाला लिहिलं, असं कोणी विचारत नाही. प्रत्येक भाष्य गीतेबद्दल सांगतं तेवढंच भाष्यकाराच्या काळाबद्दलही सांगतं.

मूकपटाच्या बाबतीत हा भाष्यांचा खेळ सगळ्यात स्पष्ट दिसतो तो झिगा व्हर्टोव्ह यांच्या 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा'मध्ये. १९२९ चा हा सोव्हिएत चित्रपट. गोष्ट नाही, नट नाहीत, पाट्या नाहीत. एका शहराचा दिवस, आणि तो दिवस टिपणारा कॅमेरावाला. त्यात एक जागा अशी येते: बग्गीचा घोडा भरधाव दौडतोय आणि एकदम थिजतो. बग्गीतल्या बायका थिजतात, रस्त्यावरची गर्दी थिजते. मग पडद्यावर फिल्मची पट्टीच दिसते, तिच्या चौकटींत मुलांचे चेहरे. व्हर्टोव्ह यांची पत्नी आणि संकलक येलिझावेता स्विलोव्हा टेबलाशी बसून पट्ट्या निवडतेय, कापतेय. आणि जे चेहरे आत्ता निर्जीव चौकटीत होते ते पुन्हा हलायला, हसायला लागतात.

इथे संगीतकाराने काय करायचं? चित्राबरोबर थांबला तर तो म्हणतोय की काळ खरंच थांबला, सिनेमा काळाचा मालक आहे. वाजवत राहिला तर म्हणतोय की चित्र थांबलं तरी जगणं थांबत नाही, पट्टी ही केवळ पट्टी आहे. दोन्ही वाचनं चित्रपटातून निघतात आणि दोन्ही एकदम खरी करता येत नाहीत. निवडावंच लागतं. या एका क्षणाच्या निवडीत चित्रपट म्हणजे काय याबद्दलचं मत असतं, आणि ते मत लेखात मांडायचं तर चार पानं लागली असती.

या चित्रपटाला नव्वदच्या दशकापासून लागोपाठ संगीतं मिळाली. व्हर्टोव्ह यांनी साथीसाठी लिहून ठेवलेली टिपणं हाताशी आल्यावर अमेरिकेच्या 'अ‍ॅलॉय ऑर्केस्ट्रा'ने १९९५ मध्ये त्यांच्यावरून संगीत बांधलं. भंगारातल्या पत्र्या-लोखंडासकट तालवाद्यं, भोंगे, रस्त्यावरचे आवाज. त्यांचं शहर कारखान्यासारखं खणखणतं. १९९९ मध्ये इन द नर्सरीचं संगीत आलं, कीबोर्डवर उभ्या केलेल्या तंतुवाद्यांचं आणि यंत्रतालाचं. २००२ मध्ये मायकल नायमन यांनी आपल्या नेहमीच्या आवर्तनांच्या शैलीत लिहिलं, आणि तिथे शहराचं चक्र पुन:पुन्हा फिरत राहतं. पोर्तुगालमधलं पोर्टो शहर २००१ मध्ये युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं. त्या निमित्ताने 'द सिनेमॅटिक ऑर्केस्ट्रा'ला या चित्रपटाला जिवंत साथ करायचं काम मिळालं, आणि २००३ मध्ये ते संगीत लंडनच्या 'निन्जा ट्यून' या स्वतंत्र लेबलने अल्बम म्हणून काढलं. त्यात डबल बेस, ड्रम्स आणि सॅक्सोफोनच्या जॅझमुळे सोव्हिएत शहराची सकाळ आळोखेपिळोखे देत उठते. चित्रपट तोच, चौकटी त्याच, आणि चार शहरं दिसतात. यांतलं एक जरी नसतं तरी चित्रपटातली एक बाजू न पाहिलेली राहिली असती.

ही संगीतं नुसती वाजून विरली असती तर तुलना करता आली नसती. म्हणून लेबल लागतं. महोत्सवात साथ होते, टाळ्या पडतात आणि दुसऱ्या दिवशी आठवण उरते. इटलीतल्या पोर्देनोने गावी १९८२ पासून मूकपटांचा महोत्सव भरतो, तिथे उत्तमोत्तम पियानोवादक समोरच्या पडद्याकडे पाहत तत्काळ रचून वाजवतात. ती कला मोठीच आहे. पण तिच्यावर वाद घालायचा तर दोघांनी एकाच खेळाला हजर असायला हवं. ध्वनिमुद्रण झालं की मत नोंदलं जातं. शेफिल्डच्या माणसाने काय म्हटलं ते पुण्याचा माणूस वीस वर्षांनी ऐकू शकतो आणि नाकारू शकतो.

इथे एक पेच आहे, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. चित्रपटाचं चांगलं संगीत अर्धवट असतं. उरलेलं अर्धं पडद्यावर असतं. पेटीवाला गवयाच्या मागून जातो, जागा सोडतो, क्वचित एखादी जागा सुचवतो. गवई गप्प असताना नुसती ती पेटी ऐकली तर तुटक वाटेल. अल्बमला मात्र पूर्णत्व लागतं. विकत घेणारा माणूस ते घरी, प्रवासात, चित्रपट न पाहता ऐकणार. मग लेबल काय करतं? ऐंशी-नव्वद मिनिटांच्या सलग संगीतातून तुकडे निवडतं, त्यांना नावं देतं, सुरुवात आणि शेवट गोल करतं. सिनेमॅटिक ऑर्केस्ट्राच्या बाबतीत तर पोर्टोसाठी केलेल्या कामातलं काही २००२ च्या 'एव्हरी डे' या त्यांच्या स्वतंत्र अल्बमात आधीच गेलं होतं. चित्रपटाचं संगीत आणि गटाचं संगीत यांच्यात भिंत उरली नाही.

तांत्रिक बाजूनेही ध्वनिमुद्रण चित्रपटाला जखडतं. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात. हजार फुटांचं रीळ सेकंदाला १६ चौकटींच्या गतीने चालवलं तर सोळा मिनिटं चाळीस सेकंद चालतं, २४ च्या गतीने चालवलं तर अकरा मिनिटांच्या जरा वर. मूकपटांच्या काळात गती पक्की नव्हती, ऑपरेटरचा हात आणि मालकाची घाई यांवर ती हलायची. जिवंत वादक तिच्याशी जुळवून घ्यायचा. तबकडी जुळवून घेत नाही. उद्या त्याच चित्रपटाची नवी, वेगळ्या गतीची आवृत्ती निघाली की आजचं संगीत तिच्यावर बसत नाही. बोलपट आल्यावर थिएटरांतले हजारो वादक बेकार झाले आणि १९३० मध्ये अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने 'डबाबंद संगीता'विरुद्ध वर्तमानपत्रांतून जाहिराती केल्या. मूकपटाच्या संगीताचा अल्बम म्हणजे त्या वादकांच्या भाषेत मूकपटालाच आलेला डबा.

तरीही अल्बमच्या बाजूने मी उभा राहतो, आणि त्याचं कारण त्याच्या अपुरेपणातच आहे. ज्या अल्बममध्ये चित्रपटाची उणीव अजिबात भासत नाही, त्या संगीताने चित्रपटाशी झटापट केलेलीच नसते. ते आधीपासून तयार होतं, पडदा नुसता निमित्त. उलट ज्या अल्बममध्ये मध्येच एखादा सूर कारणाविना थांबतो, एखादी लय अचानक पलटते आणि आपल्याला प्रश्न पडतो की आत्ता पडद्यावर काय झालं असेल, त्या संगीताने चित्रपट पाहिला आहे. मूकपटाच्या अल्बमची माझी कसोटी हीच. ऐकून झाल्यावर चित्रपट शोधावासा वाटला पाहिजे.

या कसोटीवर इन द नर्सरीचे सगळे अल्बम सारखे उतरत नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्याबद्दल बोलण्यात अर्थ आहे. मॉरिस एल्व्ही यांच्या १९२७ च्या 'हिंडल वेक्स'ला त्यांनी २००१ मध्ये संगीत दिलं. लँकेशायरमधल्या कापड गिरणीत काम करणारी फॅनी हॉथर्न गिरण्यांच्या वार्षिक सुट्टीत ब्लॅकपूलला जाते, तिथून मालकाच्या मुलाबरोबर काही दिवस घालवते. घरी बोभाटा होतो, दोन्ही घरचे लग्न लावून द्यायला निघतात, आणि फॅनी नाही म्हणते. त्याच्यासाठी ती जशी चार दिवसांची मौज होती, तसा तोही तिच्यासाठी. ती घर सोडते आणि आपल्या कमाईवर जगायला निघते. ब्लॅकपूलच्या जत्रेतली झुल्याची गाडी, नाचघरातली वरून दिसणारी तुडुंब गर्दी, ही दृश्यं पाहताना संगीताचा मोह असतो तो गर्दीबरोबर वाहून जाण्याचा. पण चित्रपटाचा कणा त्या गर्दीत नाही, फॅनीच्या नकारात आहे. तो नकार येतो तेव्हा तंतुवाद्यांनी करुणेचा पूर आणला तर फॅनी बिचारी होते, आणि ती बिचारी नाही. शेफिल्ड हे पोलादाचं शहर, कामगारांचं. तिथल्या गटाने गिरणीतल्या पोरीची गोष्ट निवडावी यात आपल्या मातीशी जोडलेलं काहीतरी आहे, आणि या चित्रपटात त्यांच्या तालातला कठोरपणा उपयोगी पडतो.

'इलेक्ट्रिक एडवर्डियन्स'बद्दल मला तेवढी खात्री नाही. ब्लॅकबर्न गावातल्या मिचेल आणि केन्यन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत काढलेल्या शेकडो छोट्या फिल्म्स १९९४ मध्ये एका दुकानाच्या तळघरात लोखंडी पिंपांत सापडल्या. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने त्या सोडवल्या, त्यांतल्या निवडक २००५ मध्ये याच नावाने इन द नर्सरीच्या संगीतासह प्रकाशित झाल्या. कारखान्याची शिफ्ट सुटतेय, शेकडो बायका-पुरुष-पोरं फाटकातून बाहेर येतायत, कॅमेरा दिसल्यावर काही लाजतायत, काही टोपी हलवतायत, पोरं पुन:पुन्हा समोर येऊन उड्या मारतायत. या फिल्म्स काढण्यामागे साधा व्यवहार होता: सकाळी चित्र घ्यायचं आणि संध्याकाळी जत्रेत तिकीट लावून त्याच लोकांना त्यांचेच चेहरे दाखवायचे. लोक स्वतःला ओळखून ओरडायचे, हसायचे. त्यांच्यावर जर मंद, दाटून येणारी तंतुवाद्यं चढवली तर ती हसरी पोरं एकदम मेलेली दिसायला लागतात. शंभर वर्षांनंतर आपण पाहतोय, यांतली बरीच मुलं पुढे महायुद्धात गेली असतील, हे सगळं खरं. पण ते आपल्याला ठाऊक आहे, त्यांना नव्हतं. इन द नर्सरीच्या एकूण शैलीतच एक भारदस्त उदासी आहे, आणि इथे ती चित्रातल्या जत्रेवर मात करते असं माझं मत. हे मत मी मांडू शकतो ते त्यांनी आपलं वाचन नोंदवून ठेवलं म्हणून.

या उदाहरणातून छोट्या लेबलांची मर्यादाही दिसते. घरचंच लेबल असलं की 'हे जमलं नाही, पुन्हा कर' असं सांगणारा कोणी नसतो. एकच शैली वेगवेगळ्या चित्रपटांवर चढत जाते आणि वीस वर्षांत त्यांचे चेहरे सारखे दिसू लागतात. शिवाय लेबल दोन-चार माणसांवर उभं असतं. माणसं थकली की तबकड्या दुर्मीळ होतात. मग मोठ्या संस्थांनीच हे का करू नये? कारण संग्रहालयाचं काम जपण्याचं आहे. त्याला सर्वांना चालेल असं, वाद न उठणारं संगीत हवं असतं, आणि ते अनेकदा गुळमुळीत होतं. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीला खप हवा असतो, आणि १९२० च्या चित्रपटाचा खप ठरलेला असतो. छोटं लेबल चुकू शकतं. चुकायला त्याला कोणाची परवानगी लागत नाही. समीक्षेची पहिली अट ती आहे.

आता आपल्याकडे. भारतीय मूकपटांना नवं संगीत मिळालं, ते बहुतेक लंडनमार्गे. हिमांशू रॉय आणि फ्रान्झ ऑस्टेन यांच्या 'अ थ्रो ऑफ डाइस' (१९२९) ला नितीन सॉनी यांनी संगीत दिलं आणि २००७ साली, आपल्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्षी, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने ते ट्रॅफल्गार चौकात वाजवलं. त्याच जोडीच्या 'शिराझ' (१९२८) ला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये झळाळी दिली, अनुष्का शंकर यांनी संगीत केलं. लंडनच्या बार्बिकनमध्ये पहिला खेळ झाला आणि मग ते भारतात फिरलं. दोन्ही कामं चांगली आहेत. पण दोन्ही चित्रपट जर्मन-ब्रिटिश भागीदारीतले, राजवाडे आणि हत्ती असलेले, पाश्चात्त्य प्रेक्षक डोळ्यांपुढे ठेवून काढलेले. त्यांच्या प्रती तिकडे टिकल्या, पैसाही तिकडचा.

नाशिकमध्ये, कोल्हापुरात जे तयार झालं त्याचं काय? भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले आणि त्यांतले जेमतेम तीसेक पूर्ण किंवा तुकड्यांत उरले. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर यांनी आयुष्य घालून जे जमवलं, त्यातलं बरंच काही २००३ च्या आगीत गेलं. उरलेल्यांत फाळक्यांचा १९१९ चा 'कालिया मर्दन' आहे. या चित्रपटाची सुरुवात विलक्षण आहे. फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी पडद्यावर येते, कृष्णाच्या वेषात नव्हे, मंदाकिनी म्हणून. कॅमेऱ्यासमोर ती एकामागून एक भाव करून दाखवते: राग, हसू, लटका रुसवा. मग त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो आणि कथा सुरू होते. फाळके प्रेक्षकांना आधीच सांगून टाकतात की हा देव म्हणजे एक मुलगी आहे, ती अभिनय करतेय, आणि तरीही तुम्ही हिला देव मानणार आहात.

याला संगीत कोणतं? बासरी आणि गवळण असं उत्तर तयार असतं, आणि बासरी वाजली की तो पहिला प्रसंग मारला जातो, कारण बासरीला मंदाकिनी दिसत नाही, थेट कृष्णच दिसतो. दुसऱ्या टोकाला जाऊन कोणी इलेक्ट्रॉनिक आवाजांनी सगळं विचित्र करून टाकेल आणि मग पुढे थिएटरात हात जोडणारा प्रेक्षक त्याला दिसणार नाही. मुलगी आणि देव यांच्यातला सांधा ऐकू येईल असं संगीत कठीण आहे. ते जमवायला कीर्तनाच्या पूर्वरंग-उत्तररंगाची जाण लागेल, कारण एकच माणूस निरूपणकार आणि पात्र या दोन्ही भूमिकांत ये-जा कशी करतो ते कीर्तनकाराला ठाऊक असतं. मला ही दिशा पटते. दुसऱ्याला दुसरी पटेल. भांडता यावं म्हणून आधी कोणी तरी काही तरी केलेलं असायला हवं.

अडचण कायद्याची नाही. आपल्या कायद्यात चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे फाळक्यांचे चित्रपट कोणालाही खुले आहेत. अडचण प्रतीची आहे. चांगली डिजिटल प्रत सरकारी संग्रहात असते आणि ती संगीतकाराच्या टेबलापर्यंत पोचायला पत्रव्यवहार लागतो. म्हणून सरकारने भव्य सोहळा करून एकाच नामवंताकडून 'अधिकृत' संगीत करून घेऊ नये. तसं झालं तर पुढची पन्नास वर्षं तेच एक वाजत राहील. त्यापेक्षा उरलेल्या मूकपटांच्या चांगल्या प्रती, चौकटींची गती स्पष्ट लिहून, माफक शुल्कात खुल्या कराव्यात आणि बाजूला व्हावं. ध्वनिमुद्रणाची साधनं आज घरोघर आहेत. पुण्यात, मिरजेत, पणजीत वादक आहेत. शेफिल्डच्या दोन भावांकडे यापेक्षा फार जास्त काही नव्हतं. त्यांच्याकडे होती ती एक मालिका वर्षानुवर्षं चालवण्याची चिकाटी आणि तिच्यावर स्वतःचं नाव घालण्याची तयारी.

'कालिया मर्दन'ला पहिलं जे संगीत मराठी लेबलवरून निघेल ते बहुधा फसेल. हरकत नाही. ते ऐकून चार जण चिडले आणि त्यांतल्या एकाने स्वतःचं करायला घेतलं, की त्या पहिल्याचे पैसे वसूल झाले.